टाळीचं कार्ड

माझ्या मावशीने आयुष्यात एकाही माणसाला माफ केलेलं नाही. ही तक्रार नव्हे. काहींचा गळा गोड असतो, काहींच्या हाताला चव असते, तसा मावशीचा राग टिकाऊ होता. तिच्या घरात घड्याळं बंद पडत, नळ गळत, भिंतीचा रंग उडे, राग मात्र पहिल्या दिवशी होता तसाच्या तसा.

एकोणिसाव्या वर्षी एका शिंप्याने तिच्या कोटाची बाही दोन बोटं आखूड शिवली आणि वर तुमचेच हात लांब आहेत म्हणून ऐकवलं. मावशी भांडली नाही. कोट परतही केला नाही. तोच कोट घालून, ऊन असो वा थंडी, ती अकरा वर्षं रोज त्याच्या दुकानासमोरून गेली. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं की ती दारात थांबे, हात लांब करून मनगटावरचं घड्याळ बघे आणि चालू लागे. बाराव्या वर्षी शिंप्याने दुकान दुसऱ्या रस्त्याला हलवलं. बातमी कळली तेव्हा मावशीने कोट धुतला, घडी घातली आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिला. "झालं त्याचं," एवढंच म्हणाली.

हे सगळं काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, डोळ्यांदेखत पाहिलं होतं आणि तरीही तिच्याशी लग्न केलं होतं. काका चष्म्याच्या काचा घासायचे. दिवसभर एका फिरत्या चाकावर काच धरायची, पाण्याचा थेंब सोडायचा, उजेडात धरून बघायचं आणि पुन्हा घासायचं. अशा कामाने एक तर माणूस वेडा होतो किंवा संत. काका मधेच कुठेतरी थांबले होते. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज कोणावर?" मावशी नाव सांगे, कारण सांगे. काका म्हणत, "बरं." बाहेर पाऊस आहे का विचारावं आणि आहे म्हटल्यावर छत्री घ्यावी, तितक्याच सहज.

मावशी शब्दकोशाच्या कचेरीत होती. कुलपांच्या दुकानावर दुसरा मजला, तीन खोल्या, आणि तिन्ही खोल्यांत भिंतीला लागून माणसाच्या उंचीची लाकडी कपाटं. कपाटात ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये कार्डं. कार्ड तळहाताएवढं, खाली एक भोक, त्यातून लोखंडी सळई गेलेली. एका शब्दाची कधी चार कार्डं असत, कधी चारशे. शब्दाचा अर्थ काय, तो कोणी कुठे वापरला, कोणत्या वाटेने आला, हे एकेका कार्डावर. खोलीला डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास होता, आणि खालून दिवसभर किल्ल्यांची कानस ऐकू येई. पाहुण्यांना त्या आवाजाने दातांत कळ यायची. कचेरीतल्या माणसांना तो बंद पडला की काम सुचत नसे.

मावशीकडे ट, ठ, ड, ढ ही अक्षरं होती. देखणी अक्षरं वरिष्ठांनी आधीच पळवली होती. प वाले आणि स वाले पाहुण्यांना आपले ड्रॉवर कौतुकाने उघडून दाखवत. मावशीच्या ड्रॉवरमध्ये टोमणा, टोला, ठोसा, ठिणगी, डंख, डूख अशी मंडळी राहत होती. काका म्हणायचे, अक्षरं वाटणाऱ्या माणसाला माणसं कळत होती.

या कचेरीत एक रिवाज होता, आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई. कार्ड लिहिणाऱ्याने मजकूर पडताळला, आता तो खरा आहे असं त्याचं मन म्हणालं, की कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची एक खूण करायची. मग कार्ड तपासनिसाकडे जाई. तो मूळ पुस्तक उघडून स्वतःच्या डोळ्यांनी ओळ वाचे आणि शेजारी दुसरी खूण करे. दोन खुणा झाल्या की कार्ड छापखान्यात जायला मोकळं. एकच असली तर ते ड्रॉवरमध्ये वाट बघत बसे. आणि एकही खूण नसली, तर ते कार्ड म्हणजे रस्त्यावर कानी आलेली वावडी. ऐकून घ्या, पण पुढे सांगू नका.

तपासनीस हे वाळक्या अंगाचे गृहस्थ होते. दर वेळी खूण करताना तोंडाने "बरोबर" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच बरोबर पडलं होतं. घरी त्यांची बायकोही त्यांना याच नावाने हाक मारते अशी बातमी होती. त्या बातमीवर मात्र दोन खुणा नव्हत्या.

आणि या सगळ्यांच्या वर होते साहेब, मुख्य संपादक. त्यांना कचेरीत प्रस्तावना म्हणत, अर्थात पाठीमागे. आठ खंडांच्या कोशात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली गोष्ट एवढीच, पहिल्या खंडाची प्रस्तावना, आणि तीही अडीच पानांवर थांबली होती. पण आवाज असा की त्यांनी गाड्यांचं वेळापत्रक वाचलं असतं तरी लोकांनी रुमाल काढले असते. कोणत्याही भाषणाची सुरुवात ते "सर्वप्रथम" या शब्दाने करत आणि त्यानंतर काय बोलायचं ते दुपारच्या सुट्टीत शोधत. सगळे डबे खायला मागच्या खोलीत गेले की साहेब एकटेच कपाटांपुढे फिरत. ड्रॉवर ओढत, कार्डं चाळत, आवडलेलं खिशातल्या डायरीत उतरवून घेत. कोपऱ्यातल्या लाल खुणांकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. खुणा हे कारकुनांचं काम होतं.

पहिल्या खंडाच्या वेळी माणसं कमी होती म्हणून क चे थोडे शब्द मावशीकडे दिले होते. त्यांत कौतुक हा शब्द होता. सात महिने ती त्याच्या मागे लागली होती. हल्ली आपण कौतुक म्हणजे पाठ थोपटणं समजतो, पण या शब्दाचं जुनं घर कुतूहलाच्या शेजारी आहे. नवल वाटलं म्हणून थांबून बघत राहणं, ते कौतुक. सगळं लिहून झाल्यावर मावशीने कार्डाच्या तळाशी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: ज्याचं नवल वाटणं थांबत नाही, त्याचंच कौतुक होतं.

प्रकाशनाच्या समारंभात हे वाक्य साहेबांनी म्हटलं. सर्वप्रथम म्हणून झाल्यावर थोडं थांबून, खिडकीकडे बघत, जणू नुकतंच सुचलं असं. एका पहाटे फिरायला गेलो असताना माझ्या मनात आलं, असं ते म्हणाले. साहेब आठच्या आधी उठत नाहीत हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मागच्या रांगेत झोपलेली लहान मुलं रडत उठली.

मावशी त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा तिने चपला काढायच्या आधीच काकांनी विचारलं, "कोणावर?"

ती मोरीत गेली, नळ सोडला आणि दोन्ही तळवे पाण्याखाली धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "माझं वाक्य त्यांनी चोरलं, ते एक वेळ राहू दे. अहो, मी टाळ्या वाजवल्या."

"सगळेच वाजवत होते," काका म्हणाले.

"सगळ्यांचं वाक्य नव्हतं ते."

काका बरं म्हणाले नाहीत. अख्ख्या संसारात बहुधा तेवढ्याच वेळी.

त्या दिवसापासून मावशीला एकच गोष्ट हवी होती. तेच सभागृह, तोच माइक, तीच माणसं, आणि त्यांच्यासमोर प्रस्तावनेची शोभा. बढती नको, माफी तर नकोच. शिंप्याला अकरा वर्षं लागली होती. मावशीला घाई नव्हती.

दुसरा खंड व्हायला नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांत तिने टाळी या शब्दावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी काही लोक स्वतःच्या मुलांवर घेत नाहीत. टाळी देणं, टाळी वाजवून बोलावणं, टाळ्या पिटणं, टाळ्या घेणं, एका हाताने टाळी न वाजणं, सगळी कुटुंबं तिने सळईवर ओवली. शेजारच्या टाळू आणि टाळाटाळ या शब्दांना वेगळं काढलं. चेहरा मिळतो म्हणून नातं असतं असं नाही, हे तिला माणसांवरून माहीत होतं. आणि मुळाशी तिला सापडलं ते अगदी साधं होतं. तळहातातला तळ, गाण्यातला ताल आणि आपली टाळी ही एकाच घरातली भावंडं. तळव्यावर तळवा पडला की झालेला आवाज, बस. तिने जमवलेल्या जुन्या ओळींत टाळी वाजे ती बहुतेक ठेका धरायला. कोणाची वाहवा करण्याचं काम तिच्या अंगावर नंतर पडलं असावं, असं मावशीने सावधपणे लिहिलं आणि असावं या शब्दाखाली रेघ मारली. बरोबरांनी अकरा पुस्तकं उघडली, अकरा वेळा बरोबर म्हटलं आणि दुसरी खूण केली. कार्डांचा तो गठ्ठा छापखान्यात गेला.

ड्रॉवरमध्ये त्या जागी बोटभर फट राहिली. त्या फटीकडे बघता बघता मावशीला उपाय दिसला.

दुसऱ्या खंडाच्या समारंभाला तीन आठवडे होते. विषय जाहीर झाला होता, शब्दांच्या जन्मकथा. साहेब दुपारच्या सुट्टीत नेहमीपेक्षा जास्त वेळ कपाटांपुढे दिसू लागले होते. मावशीने जुन्या गठ्ठ्यातलं एक पिवळं पडलेलं कोरं कार्ड घेतलं आणि अर्ध्या दिवसात एक गोष्ट रचली. पूर्वी म्हणे सीमेवरच्या चौकीपाशी परका माणूस आला की पहारेकरी त्याला थांबवत. त्याने दोन्ही हात वर करायचे आणि तळवे एकमेकांवर आपटून दाखवायचे. स्वच्छ आवाज आला म्हणजे हातात शस्त्र नाही. या झडतीला टाळी म्हणत. म्हणून आजही टाळी वाजवणारा माणूस समोरच्याला सांगत असतो की माझे हात रिकामे आहेत, माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. खाली तिने आधार म्हणून एका पहारेकऱ्याच्या रोजनिशीचं नाव टाकलं. असा पहारेकरी नव्हता, रोजनिशी नव्हती, चौकीही नव्हती. गोष्ट मात्र इतकी गोंडस होती की लिहिताना मावशीलाच तिचा राग आला.

कार्ड टाळीच्या त्या फटीत सरकवलं, पण कोपऱ्यात खूण केली नाही. यावर ती शेवटपर्यंत ठाम होती. खूण केली असती तर ते खोटं झालं असतं.

बरोबरांनी ते कार्ड पाहिलं. वाचलं. कोपरा पाहिला. "बाई, खूण राहिली," म्हणाले.

"राहू द्या," मावशी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मग आपला चष्मा कुठे ठेवला म्हणत मागच्या खोलीत निघून गेले. चष्मा नाकावर होता.

बंदोबस्त एवढ्यावर थांबला नव्हता. प्रमुख पाहुणे म्हणून भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलवावं, असं समितीच्या कानात मावशीनेच कोणाकरवी घातलं होतं. त्यांना कुऱ्हाड म्हणत. भर सभेत उठून वक्त्याची चूक काढणं हा त्यांचा व्यायाम होता. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांचा शब्द सुधारला होता. साहेब चौकीची गोष्ट सांगतील, कुऱ्हाड उठेल, घाव बसेल, आपण फक्त हात मांडीवर ठेवून बघायचं, अशी एकूण मांडणी होती. समारंभाच्या आठवड्यात एका संध्याकाळी काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "आज कोणावर नाही. येत्या शुक्रवारी."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. मावशी पहिल्या रांगेत कचेरीतल्या माणसांबरोबर, काका आणि मी पाचव्या रांगेत. साहेबांनी सर्वप्रथम म्हटलं, पाहुण्यांचे आभार मानले, खिडकीकडे पाहिलं. काकांनी माझा हात धरला. साहेबांनी चौकी उभी केली. त्या आवाजात ती अशी उभी राहिली की मला दगड दिसले. परका माणूस आला, पहारेकऱ्याचा भाला दिसला, दोन तळवे वर गेले. साहेबांनी माइकसमोर स्वतःचे तळवे उचलले आणि एकदाच आपटले.

"रिकामे हात," ते हळूच म्हणाले. "टाळी म्हणजे रिकामे हात. हे मला किती वर्षं छळत होतं आणि किती उशिरा उमगलं."

मग जे झालं ते मावशीच्या मांडणीत नव्हतं. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती कुऱ्हाडीने. म्हातारा चक्क उभा राहून वाजवत होता, डोळे ओले. त्याच्यामागे सगळं सभागृह उठलं. रिकामे हात म्हणजे काय हे कळल्यामुळे प्रत्येक जण दुप्पट जोराने वाजवू लागला. मावशीचे हात मांडीवर होते, या वेळी तिने ते घट्ट धरून ठेवले होते. मागून मला तिची मान तेवढी दिसत होती. ती ताठ होती.

टाळ्या थांबेनात. तेव्हा साहेबांनी हात वर केला आणि आनंदाच्या भरात आणखी एक गोष्ट जाहीर केली. ही जन्मकथा कोशाबाहेर राहणं हा वाचकांवर अन्याय आहे, ते म्हणाले. आज इथे आहे ती नमुन्याची प्रत, ट ची पानं अजून छापखान्यातच आहेत. उद्या सकाळी मी स्वतः सांगून टाळीचं पान बदलून घेतो.

मावशीच्या नऊ वर्षांच्या जागी तिचीच अर्ध्या दिवसाची थाप छापली जाणार होती, आणि एकदा कोशात छापलं की शंभर वर्षं कोणी हलवत नाही. गप्प बसली तर साहेब जिंकले आणि शब्द बुडाला. बोलली तर खोटं कार्ड कोणी लिहिलं ते सांगावं लागणार, मग या कचेरीत तिला जागा नाही. काकांनी माझा हात सोडला आणि म्हणाले, "उठते आता."

ती उठली. टाळ्या विरत होत्या, त्यामुळे तिचा आवाज माइकशिवायही सगळीकडे गेला.

"साहेब, त्या कार्डावर खुणा किती आहेत?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. ते हसले, बाई जरा भारावल्या आहेत असं काहीसं म्हणाले. मावशीने पुन्हा तेच विचारलं. पहिल्या रांगेतल्या कचेरीच्या माणसांनी माना खाली घातल्या. तिथे प्रत्येकाला कळलं होतं.

"कार्ड मी लिहिलंय," मावशी म्हणाली. "चौकी खोटी आहे. पहारेकरी खोटा आहे. रोजनिशी मी मनाने रचली. टाळीचं खरं मूळ छापखान्यात आहे, दोन खुणांसकट. ते पान बदलायचं नाही."

 साहेबांचा चेहरा लाल झाला. कोशाच्या कचेरीत बसून बनावट लेखन करता, ते म्हणाले, लाज नाही वाटत?

"वाटते ना," मावशी म्हणाली. "खोटं लिहायला मला अर्धा दिवस लागला. खरं लिहायला नऊ वर्षं लागली. कौतुकाला सात महिने. तुम्ही सगळी कार्डं एकाच आवाजात वाचता, आणि सगळी तुम्हालाच सुचलेली असतात."

आता बरोबर उठले. जन्मात सभेत न बोललेला माणूस. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की ज्या कार्डावर खूण नाही, ते बनावट म्हणता येत नाही, ते खरं असल्याचा दावा कोणी केलेलाच नसतो. दावा आज पहिल्यांदा झाला, आणि तो माइकवरून झाला. एवढं बोलून ते सवयीने स्वतःलाच "बरोबर" म्हणाले आणि बसले.

कोणीतरी हसलं. बहुधा प वाला, पण त्याने पुढे कधी कबूल केलं नाही. मग त्याच्या शेजारचा हसला, मग दुसरी रांग, मग गॅलरी. साहेबांनी माइक हातात धरला, "सर्वप्रथम" म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द कुठल्याच ड्रॉवरमध्ये नव्हता. ते सर्वप्रथम ऐकून सभागृहाचा बांधच फुटला. माणसं खुर्च्यांच्या पाठी धरून हसत होती. साहेब मागच्या दाराने गेले. जाताना त्यांची डायरी टेबलावर राहिली, ती घ्यायलाही वळले नाहीत.

मावशी हसली नाही. पाच-सात मिनिटं उभी राहून तिने ते हसणं ऐकलं. एकेक रांग ऐकली. नऊ वर्षांची भूक होती, सावकाश जेवली. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली की गॅलरीचा आवाज जरा कमी पडला, पण एकूण छान झालं.

दारात कुऱ्हाड भेटली. चूक आहे हे मला लगेच कळलं होतं, प्राध्यापक म्हणाले, पण या वयात गोड गोष्टीला नाही म्हणवत नाही. त्या क्षणापासून मावशीच्या लेखी तेही गेले.

सोमवारी समितीने मावशीला बोलावलं. खोटं कार्ड लिहिणाऱ्या हातात पुन्हा लाल पेन्सिल देता येणार नाही, असा निर्णय झाला. मावशीने तो दोनदा वाचला आणि समितीला सांगितलं की निर्णय योग्य आहे, मी तुमच्या जागी असते तर हाच दिला असता, फक्त दुसऱ्या ओळीत एक शब्द जास्त झाला आहे. तिच्या टेबलावर डूख या शब्दाची एकोणचाळीस कार्डं अर्धवट होती. ती तिने नीट ओवून बरोबरांच्या हवाली केली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती घरी बसली. त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं असं काका सांगतात, पण काकांना कांदा आणि रडणं यांतला फरक ओळखता येत नसे, काचांच्या धुळीने त्यांचे स्वतःचेच डोळे कायम पाणावलेले.

साहेबांचं पद गेलं नाही. अशी पदं जात नसतात. पण त्यानंतर ते कुठेही माइकजवळ गेले की मागच्या रांगेतून कोणीतरी बारीक आवाजात विचारी, खूण आहे का? वर्षभरात त्यांनी बोलणं सोडलं. तिसऱ्या खंडाच्या समारंभात भाषण बरोबरांनी केलं. ते चार मिनिटं चाललं आणि त्यात सहा वेळा पुस्तकाचं पान सांगितलेलं होतं. मावशीने ते मागे उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन म्हणाली की आता मरायला हरकत नाही.

मरणं लांबच, विश्रांतीही तिच्या नशिबात नव्हती. झालं असं की त्या शुक्रवारी वर्तमानपत्राचा बातमीदार चौकीची गोष्ट ऐकून, टाळ्या वाजवून, बातमी द्यायला लगेच निघून गेला होता. मावशी उठली तेव्हा तो सायकलवर होता. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांची गोष्ट छापून आली. आठवड्याने खुलासा आला, तो आतल्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली. खुलासा कोण वाचतं? गोष्ट शाळांत गेली, भिंतीवरच्या दिनदर्शिकांत गेली, सूत्रसंचालकांच्या तोंडी बसली. कुठल्याही समारंभात कोणी माइक हातात घेऊन "तुम्हाला माहीत आहे का, टाळी हा शब्द" एवढं म्हटलं की काका मावशीची पिशवी धरून ठेवायचे. उपयोग व्हायचा नाही. ती उठायचीच. मग ती गोष्ट खोटी आहे, मीच रचली आहे, खरं मूळ अमुक, दुसरा खंड, पान इतकं. लोक चिडत. एका दाढी करणाऱ्याने तिला तोंडावर सांगितलं की बाई, तुमच्या खऱ्यापेक्षा माझं खोटं बरं आहे, ते ऐकताना गिऱ्हाईक मान हलवत नाही. मावशीने त्या दुकानासमोर तीन महिने फेऱ्या घातल्या आणि आत बसलेल्या प्रत्येक साबण लावलेल्या माणसाला टाळीचं खरं मूळ सांगितलं. त्यांना हलता येत नव्हतं.

शिंपी, प्राध्यापक, न्हावी, बातमीदार, सगळ्यांशी तिचं वैर होतं. पण या काळात ती सगळ्यात जास्त भांडली ती स्वतःच रचलेल्या पहारेकऱ्याशी. तो एकटाच तिला पुरून उरला.

गेल्या वर्षी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. मोतीबिंदू पिकला होता. बाकावर बसलो, नंबर पुकारायला वेळ होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, एका डोळ्यावर पट्टी, हातात काठी. त्यांनी "किती वाजले?" एवढंच विचारलं आणि मावशीची मान ताठ झाली. तो आवाज अजून तसाच होता. त्यांनीही तिला ओळखलं असावं, कारण बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. वरची मोठी ओळ सोडली तर दोघांनाही त्यातलं काही दिसत नव्हतं.

शेवटी साहेब बोलले. राग त्यांच्या बोलण्यात नव्हता. डोळे गेल्यापासून वाचन संपलं, मुलं लांब आहेत, वाचून दाखवायला कोणी नाही, असं काहीबाही सांगितलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बाई, एक विचारू? त्या टाळीचं खरं मूळ काय होतं हो? तेव्हा मी ते पान वाचलंच नाही. नंतर वाचायची हिंमत झाली नाही."

मी मावशीकडे पाहिलं. हे मूळ तिने सूत्रसंचालकांना सांगितलं होतं, मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, साबण लावलेल्या अनोळखी माणसांना सांगितलं होतं. भाजीवाल्याला येतं. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला तोंडपाठ आहे, त्याला तर पहारेकरी म्हणून तिने खास बसवून शिकवलं. गेली वीस वर्षं तिने कोणी न विचारता ते जगाला सांगितलं होतं, आणि आज पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःहून विचारत होतं.

"दुसरा खंड," मावशी म्हणाली. "पान दोनशे एकोणीस."

"मला दिसत नाही आता," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

आतून तिचा नंबर पुकारला. तिने माझा दंड धरला आणि उठली. दारापर्यंत गेल्यावर मी हळूच म्हटलं की मावशी, एक वाक्य तर आहे, सांगून टाक, म्हातारा माणूस आहे.

"नऊ वर्षं लागली मला ते शोधायला," ती म्हणाली. "त्यांना आत्ताशी पाच मिनिटं झालीत."